पगाराचा वार, बाजाराचा वार

आमच्या घरी आठवड्याला दोनच वार होते असे म्हटले तरी चालेल. शनिवार आणि मंगळवार. शनिवारी संध्याकाळी अब्बांचा पगार व्हायचा. ते यंत्रमागावर चादरी विणत. मंगळवारी सोलापूरच्या मंगळवार बाजारात खेड्यांतून ज्वारी, डाळी, शेंगा, मिरची यायची आणि मोहल्ल्यातल्या किराणा दुकानापेक्षा ती स्वस्त पडायची. मध्ये फक्त दोन दिवस. पण हातातल्या पैशांना ते दोन दिवस ओलांडता येत नसत. रविवारी सकाळी दुकानदाराची मागच्या आठवड्याची उधारी फेडावी लागे. ती फेडली नाही तर गुरुवारपासून पुन्हा उधार मिळणार कसे? ती फेडून जे उरे त्यातून खोलीचे भाडे, रॉकेल आणि आमच्यापैकी कुणाचे तरी औषध. मंगळवारी अम्मीच्या पदराच्या गाठीत जे शिल्लक असेल त्यात चार दिवसांची ज्वारी बसे. शुक्रवारी ती संपली की मला पितळेचा डबा देऊन दुकानात पिटाळले जाई. "सेठकू बोल, वहीमें लिख लो."

लहानपणी मला वाटे, आमच्याच घरी हिशेब चुकतो. अब्बा विडी ओढतात म्हणून, नाहीतर अम्मी ईदला कपडे घेते म्हणून. मोठेपणी कामगारांच्या इतिहासाची पुस्तके वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न कुणा एकाच्या घरचा नव्हता, आणि उधळेपणाचा तर नव्हताच. पगार कोणत्या दिवशी हातात पडतो आणि बाजार कोणत्या दिवशी भरतो, या दोन तारखांच्या फटीत गरिबाच्या ताटातला घास गेला आहे. ही फट किमान शंभर वर्षे जुनी आहे.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली गिरणगावातल्या कामगारांच्या घरखर्चाची मोठी पाहणी केली. जी. फिंडले शिरास हे त्या कचेरीचे प्रमुख. अहवाल १९२३ साली छापला गेला. २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष यांचे जमाखर्च त्यात आहेत. एका कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चातले शेकडा ५६.८ अन्नावर, ७.४ जळण आणि दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर, ७.७ भाड्यावर आणि बाकी किरकोळ. जुन्या भाषेत सांगायचे तर रुपयातले नऊ आणे पोटात जात. शेकडा ४७ कुटुंबे कर्जात होती आणि व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे सालाला शेकडा ७५.

या अहवालातले एक वाक्य पुढे फार गाजले. कामगार खातात ते धान्य दुष्काळी कामांवरच्या मजुराला सरकारी नियमाने द्यायच्या कमाल धान्याएवढे आहे, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला मिळणाऱ्या शिध्यापेक्षा कमी आहे, असा त्याचा मथितार्थ. कैद्यापेक्षा कामगार उपाशी, ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांनी सभांमधून सांगितली आणि ती सांगण्यासारखीच होती. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कैद्याला बाजार करावा लागत नाही. त्याचे धान्य रोज तोलून येते. महिनाअखेर आली म्हणून त्याच्या भाकरीचा भाव वाढत नाही. गिरणी कामगाराच्या बायकोला तेच धान्य कधी रोखीने, कधी उधारीने, कधी पायलीने तर कधी मापट्याने घ्यावे लागे आणि प्रत्येक वेळी भाव वेगळा. महिन्याच्या सरासरीत हे वार दिसत नाहीत.

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने होत असे आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी. म्हणजे गावाहून नवा आलेला माणूस सुमारे दीड महिना काम केल्यावर पहिल्यांदा पैसे पाहणार. या दीड महिन्यात त्याने खायचे काय? धान्याचा दुकानदार हेच उत्तर होते. गिरणीच्या मालकाने जी मजुरी थकवून ठेवली होती तिच्या जागी दुकानदार धान्य उधार देई आणि त्याची किंमत कामगाराकडून वसूल करी. मालकाला बिनव्याजी पैसा वापरायला मिळाला, दुकानदाराला बांधलेले गिऱ्हाईक मिळाले. एकदा वहीत नाव चढले की दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय उरत नाही. तांदळात खडे असोत की तागडीचे पारडे झुकते असो, तोंड उघडता येत नाही.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ साली हे ओळखले. मोठ्या धंद्यांत पगाराची मुदत सोळा दिवसांपेक्षा जास्त नसावी, अशी शिफारस त्यांनी केली. आठवड्याने पगार मिळाला तर कामगार रोखीने माल घेईल आणि कर्जातून सुटेल, हा विचार. १९३६ साली मजुरी देण्याचा कायदा झाला खरा, पण त्यात मुदत महिन्याचीच राहिली. महिना संपल्यावर सात दिवसांत, आणि हजार किंवा त्याहून जास्त माणसे असतील तिथे दहा दिवसांत पगार द्यावा, एवढेच बंधन आले.

इथे एक गोष्ट आपणच आपल्याला सांगितली पाहिजे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर हातात काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार ही मुंबईच्या कामगारवस्तीतली ओळखीची आकृती होती. ज्या दिनात सूद हराम, त्याच दिनाचे नाव लावणारा माणूस सर्वांत जबर व्याज वसूल करी, आणि त्याच्या काठीला जात-धर्म नव्हता. मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकरालाही ती तितकीच लागत असणार.

मग आमची माणसे स्वतःची समजूत कशी घालत? अब्बा म्हणत, आम्ही सूद देत नाही, आम्ही फक्त उधार घेतो. वहीत व्याज लिहिलेले नसे हे खरे. पण रोखीने येणारे तेल आणि वहीत लिहिले जाणारे तेल यांचा भाव एक नसे. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त ठरवणे बहुतेक फकीहांनी जायज मानले आहे. अट एवढीच की सौदा होतानाच तो भाव दोघांना ठाऊक असला पाहिजे. आमच्या दुकानात मी डबा पुढे करी तेव्हा भाव कुणी सांगत नसे आणि मी विचारत नसे. भाव कळायचा रविवारी, वही उघडल्यावर. आठ-नऊ वर्षांचे पोर विचारणार तरी काय? दादीमा पडद्यामुळे बाजारात जात नसत, अम्मी मंगळवारी बुरखा घालून जाई पण रोजच्या दुकानावर उभी राहत नसे. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यातली निम्मी खरेदी पोरांनी केलेली आहे.

दुसरे महायुद्ध आले आणि बाजाराची घडीच बदलली. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तिथला तांदूळ बंद झाला, भाव कडाडले. २ मे १९४३ पासून मुंबईत रेशनिंग सुरू झाले. हिंदुस्थानातले हे पहिले मोठे शहरी रेशनिंग. नागरी पुरवठ्याच्या कारभारात ए. डी. गोरवाला यांचे नाव त्या काळी घराघरात पोचले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. तिथले नागरी पुरवठा खाते त्या वर्षी एप्रिलपासून सुहरावर्दींकडे होते आणि कलकत्त्यात रेशनिंग सुरू व्हायला जानेवारी १९४४ उजाडला. तांदळाची टंचाई दोन्हीकडे होती. मुंबईत माणसे रांगेत उभी राहिली, कुरकुरली, पण जगली.

रेशनचे धान्य आठवड्याच्या मापाने मिळे. गिरणी कामगाराला आणि मलबार हिलवरच्या शेठजीला माणशी शिधा ठरलेला आणि भावही एक. गरीब बाईला इतिहासात पहिल्यांदाच तिच्या शेजारच्या श्रीमंत बाईच्या भावाने धान्य मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण रेशन दुकानात वही नव्हती. पैसे रोख हवेत आणि त्याच आठवड्यात हवेत. हप्ता उचलला नाही तर तो बुडाला. मग व्हायचे असे की स्वस्त धान्य उचलण्यासाठी लोक महाग कर्ज काढत. काही जण कार्डच दुकानदाराकडे गहाण टाकत. पुढे तीस-चाळीस वर्षांनी आमच्या मोहल्ल्यात हेच चालू होते. कार्ड आमचे, साखर दुकानदाराची.

सहकारी ग्राहक भांडारांचेही असेच झाले. इंग्लंडमधल्या रॉशडेल गावात १८४४ साली अठ्ठावीस जणांनी मिळून एक दुकान काढले. त्यांत विणकर बरेच होते. लोणी, साखर, पीठ, ओट्सचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल. शुद्ध माल, खरे वजन आणि रोखीचा व्यवहार हे त्यांचे नियम जगभर गेले. मुंबईत १९४८ साली नायगावला कामगारांनी जे भांडार काढले, ज्याला पुढे सगळी मुंबई 'अपना बाजार' म्हणू लागली, तेही याच वाटेने गेले. चोख वजन, चोख माल. ज्यांचा पगार महिन्याच्या ठरल्या तारखेला होतो अशा गिरणी, रेल्वे, पोस्टातल्या माणसांना त्याचा फार उपयोग झाला. मागावरचा मजूर, हमाल, विड्या वळणारी बाई यांना मात्र कोपऱ्यावरच्या वाण्याशिवाय गत्यंतर नव्हते. सहकाराने दुकानदाराची लबाडी काढली. उधारीची गरज तिथेच राहिली.

स्वातंत्र्यानंतर नियंत्रण उठले, पुन्हा बसले. १९५२ मध्ये रफी अहमद किडवाई केंद्रात अन्नमंत्री झाले. व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी धान्य दडवले आहे, भीती गेली की ते बाहेर येईल, असा त्यांचा अंदाज होता. पाऊसही चांगला झाला. एकेक नियंत्रण उठवत १९५४ पर्यंत धान्याचा बाजार त्यांनी मोकळा केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. दादीमा किडवाईंचे नाव आदराने घेत. मौलाना आझाद त्यांना 'बड़े आदमी' वाटत. किडवाई मात्र त्यांच्या लेखी 'गेहूं खोलनेवाले'.

दादीमांना खरा राग होता तो नव्या पैशाचा. १ एप्रिल १९५७ रोजी आणे गेले, नये पैसे आले. कोष्टक असे होते : एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन म्हणजे १९ आणि चार म्हणजे २५. शाळेच्या पाटीवर हे निरुपद्रवी दिसते. पण जी बाई चार आण्यांचा माल एकदम घेते तिच्या नाण्यांची किंमत २५ आणि जी सकाळी एक आण्याचे तेल, दुपारी एक आण्याची मिरची, संध्याकाळी एक आण्याचा गूळ, रात्री एक आण्याची चहापत्ती घेते तिच्या त्याच चार नाण्यांची किंमत २४. एक नवा पैसा गेला कुठे? कायद्याने कुणी चोरला नव्हता. तो फक्त किरकोळ घेणाऱ्याच्याच खिशातून गळत होता.

मग १ एप्रिल १९६२ पासून किलो सक्तीचा झाला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, किलो त्याहून सुमारे सात टक्के जास्त. भाव किती वाढायला हवा आणि दुकानदाराने किती वाढवला, हे तोंडी हिशेबात बसणारे नव्हते. दादीमांचा संशय शेवटपर्यंत फिटला नाही. त्या 'पावशेर'च म्हणत राहिल्या. अडीचशे ग्रॅमला सोलापुरात पावशेर म्हणणारी माणसे अजून आहेत.

१९७२ चा दुष्काळ मला स्वतःला आठवतो. मंगळवार बाजारात ज्वारी येईनाशी झाली. रेशनवर मिलो मिळे. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटे आणि चवीला उग्र लागे. अम्मी तिच्यात मूठभर गव्हाचे पीठ मिसळून भाकरी सांधायची. त्या वर्षी आमच्या घरात उधारीची वही पहिल्यांदा बंद झाली, कारण दुकानदारच उधार देईना. हे मला फार उशिरा कळले की उधारीसुद्धा बरकतीच्या दिवसांची चीज आहे.

त्याच साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांनी लाटणी हातात घेऊन, थाळ्या वाजवत मोर्चे काढले. पक्ष वेगवेगळे, लाटणे एक. तेल, साखर, रॉकेल रास्त भावात आणि रेशनवर मिळावे या त्यांच्या मागण्या. किराणा मालाची यादी हीच राजकीय मागणी होऊ शकते, हे तोवर पुरुषांच्या ध्यानात आले नव्हते.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे, त्यात फार शिरत नाही. फक्त एक हिशेब मांडतो. १९९७ साली रेशन सर्वांसाठी सारखे राहिले नाही. दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे असे भाग पडले. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डे आली. पिवळ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक मिळकतीची मर्यादा १५,००० रुपये. आता मागावरच्या माणसाला आठवड्याला ३०० रुपये मिळतात असे धरा. बावन्न आठवड्यांचे १५,६०० झाले. म्हणजे तो मर्यादेबाहेर गेला, सहाशे रुपयांनी. वीज गेली, सूत महागले, मालकाने कारखाना बंद ठेवला, बाळंतपण आले, असे चार-सहा कोरे आठवडे कोणत्या कार्डावर लिहायचे? वर्षाच्या रकान्यात आठवड्याचा माणूस बसत नाही.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य, तांदूळ तीन आणि गहू दोन रुपयांनी, हा हक्क झाला. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळू लागले. फार मोठी गोष्ट आहे, नाक मुरडणाऱ्यांनी एकदा मिलोची भाकरी खाऊन पाहावी. पण वहीत आता धान्याऐवजी तेल, डाळ, चहापत्ती आणि मोबाइलचा रिचार्ज लिहिला जातो. गोश्तचे म्हणाल तर आमच्यासारख्या घरांत आठवड्यातून एकदा, जुम्म्याला, बड्याचे गोश्त येई, कारण डाळीपेक्षा ते फार महाग पडत नसे. गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्या बंदीत आले. राहिली म्हैस. स्वस्त गोश्त हे फक्त मुसलमानांचे खाणे नव्हते, हे मोहल्ल्याच्या पलीकडे राहणाऱ्या अनेकांना ठाऊक आहे. त्या वादाची राजकीय बाजू पुष्कळ लिहिली गेली. आठवड्याच्या बाजाराची बाजू फारशी कुणी लिहिली नाही.

मालेगावला गेलो की मला आमच्या शनिवार-मंगळवारची आठवण येते. तिथे माग शुक्रवारी बंद असतात, आठवडी बाजारही शुक्रवारीच भरतो आणि पगार सुट्टीच्या तोंडावर होतो. पैसा आणि बाजार एकाच दिवशी समोरासमोर. म्हणून मालेगावचा मजूर श्रीमंत झाला असे नाही, उधारी तिथेही आहे. पण पिशवी घेऊन जुम्म्याच्या नमाजनंतर बाजाराकडे निघालेली माणसे पाहिली की वाटते, अम्मीला हे दोन दिवस वाचले असते तर?

अब्बा १९९१ साली गेले. जनाजा उचलण्यापूर्वी मोठ्या भावाने रिवाजाप्रमाणे जमलेल्यांना विचारले, मरहूमकडे कुणाचे काही येणे असेल तर सांगावे, ते मी देईन. कुणी बोलले नाही. दुकानदार गर्दीत मागे उभा होता. कब्रस्तानापर्यंत तो आला, माती देताना बाजूला उभा राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला. वही आणली होती, पण ती उघडायला त्याला जड जात होते. शेवटी म्हणाला, दोनशे चौदा आहेत, सवडीने द्या.

अम्मी आतल्या खोलीत इद्दतीत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढायची. तेलाला उभी, साखरेला आडवी, ज्वारीला फुली. आम्ही पोरांनी त्या रेघांकडे कधी नीट पाहिले नव्हते. तिने भावाला हाक मारली आणि भिंतीकडे बोट दाखवून बसल्या जागेवरून मोजायला लावले. तिच्या रेघांचे दोनशे तीन होत होते.

भाऊ बाहेर जाऊन भांडायच्या तयारीत होता. तिने त्याला थांबवले. दोनशे चौदा रुपये मोजून दिले आणि वहीतले ते पान फाडून आणायला सांगितले.